बाळ गोरे झाले की फिकट पडले?

बाळाला ताप आला, जुलाब लागले किंवा खोकला झाला की घरातली सगळी माणसे लगेच धावपळ करतात. पण एक दुखणे असे आहे, की ते घरात कोणाला कळू न देता येते. त्यात ताप नसतो, रडारड नसते. बाळ वजनाने चांगले असते, दूध पिते, हसतेही. मात्र त्याच्या शरीरातले लोह हळूहळू संपत आलेले असते. या दुखण्याला लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय म्हणतात. 'अंगात रक्त कमी आहे' असे आपण गरोदर बाईबद्दल नेहमी ऐकतो. पण आठ-दहा महिन्यांच्या बाळालाही हा आजार होतो, हे पुष्कळ घरांत माहीत नसते.

हा आजार क्वचित आढळणारा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांचे हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५४ च्या आसपास होते. या सर्वच मुलांत लोहाची कमतरता असते असे नाही. वारंवार होणारे आजार, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वांची कमतरता, काही आनुवंशिक रोग हीही कारणे असतात. तरीही दोन वर्षांखालील बाळाच्या बाबतीत पहिला संशय लोहाचाच घ्यावा लागतो. ही कमतरता टाळणे बहुतांशी आईवडिलांच्या हातात असते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

लोह कशासाठी लागते?

रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. श्वासातून आलेला प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवणे हे त्याचे काम. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते. ते कमी पडले, की बाळ फिकट दिसते, लवकर दमते.

पण याहून महत्त्वाचे काम मेंदूत चालते. पहिल्या दोन वर्षांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो आणि त्या वाढीलाही लोह लागते. शरीरात लोहाचा तुटवडा पडला, की असेल तेवढे लोह प्रथम रक्त तयार करण्याकडे जाते. त्यामुळे हिमोग्लोबिन खाली येण्याआधीच मेंदूला लोह कमी पडू लागलेले असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. बेट्सी लोझॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कोस्टारिका या देशात एक ते दोन वर्षांच्या मुलांची तपासणी केली आणि पुढे त्या मुलांचा १९ व्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. लहानपणी ज्यांना दीर्घकाळ लोहाची कमतरता होती, ती मुले उपचारानंतरही बुद्धीच्या चाचण्यांत इतरांच्या मागेच राहिलेली दिसली. म्हणजे रक्त भरून निघते, पण गेलेला काळ पूर्णपणे भरून निघेलच याची खात्री नसते. म्हणून या आजारात उपचारापेक्षा प्रतिबंधाला अधिक महत्त्व आहे.

जन्माची शिदोरी

पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे बाळ जन्माला येताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती त्याला मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळते आणि चार ते सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडेच, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. परंतु ते बाळाला चांगले पचते. त्यामुळे पहिले सहा महिने शिदोरी आणि अंगावरचे दूध यांवर बाळाचे भागते. त्या काळात वरचे पाणीसुद्धा देण्याची गरज नाही.

सहा महिन्यांनंतर हिशेब बदलतो. बाळाचे वजन जन्माच्या दुपटीवर गेलेले असते, वजनाबरोबर रक्तही वाढलेले असते आणि शिदोरी संपत आलेली असते. आता दररोज साधारण पाऊण ते एक मिलिग्रॅम लोह बाळाच्या रक्तात जायला हवे. शाकाहारी अन्नातले लोह फार तर दहावा हिस्साच शोषले जाते. म्हणजे अन्नातून पुष्कळ अधिक लोह पोटात जावे लागते. नुसत्या आईच्या दुधावर हे शक्य नाही. याचा अर्थ अंगावरचे दूध तोडावे असा मुळीच नाही. ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे, पण सोबत घट्ट, पूरक आहार सुरू झालाच पाहिजे. मुहूर्त मिळत नाही, मामा गावाला गेला आहे, अशा कारणांनी उष्टावण आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत लांबवू नये. समारंभ सवडीने करा, बाळाला खाऊ घालणे सहा महिने पूर्ण होताच सुरू करा.

काही बाळांची शिदोरी मुळातच अपुरी असते. अपुऱ्या दिवसांची बाळे, अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळे, जुळी, आणि ज्यांच्या आईला गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होता अशी बाळे यांना धोका अधिक. कमी वजनाच्या बाळाला दुसऱ्या महिन्यापासूनच लोहाचे थेंब लागतात. ते डॉक्टरांना विचारून सुरू करावेत.

दूधभात, पेज आणि डाळीचे पाणी

तुंगार्लीत माझ्याकडे आलेल्या बाळाच्या आईला मी एक प्रश्न हमखास विचारतो : 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळाने काय काय खाल्ले, ते वेळेनुसार सांगा.' उत्तर बहुधा ठरलेले असते. सकाळी बाटलीने दूध, दहा वाजता दुधात नाहीतर चहात बुडवलेले बिस्किट, दुपारी दूधभात किंवा वरणाचे वरचे पाणी, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट, रात्री दूध. बाळाचे पोट दिवसभर भरलेले असते, पण लोह जवळजवळ नसतेच.

आपला मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आज घराघरांत शिजतो. त्याची मऊ, सुवासिक पेज बाळाला आवडते आणि पचतेही. पण पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात नाचणीत सुमारे साडेचार, बाजरीत सहाच्या वर आणि मसूर डाळीत सुमारे सात मिलिग्रॅम लोह दिले आहे. म्हणून पेज टाकून द्यायची नाही, तिच्यात डाळ, नाचणी आणि पाला घालायचा. डाळीचे वरचे पाणी म्हणजे नुसते पाणी. डाळीचा गाळ तळाशी राहतो, तो मोठ्यांच्या ताटात जातो आणि बाळाच्या वाटीत रंग तेवढा येतो.

गाई-म्हशीच्या दुधाचा प्रश्न सर्वांत मोठा. आमच्या भागात पुष्कळ आया बंगल्यांवर, हॉटेलांत, चिक्कीच्या कारखान्यांत कामाला जातात. बाळ आजीजवळ आणि आजीच्या हाताशी बाटली. आजीचा दोष नाही, दूध पाजले म्हणजे बाळ पोसले असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. परंतु दुधात लोह अत्यल्प असते. शिवाय दुधातले कॅल्शियम आणि प्रथिने अन्नातले लोहही नीट शोषू देत नाहीत. वर्षाच्या आतील काही बाळांच्या आतड्यांतून अशा दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्रावही होतो. आणि दुधाने पोट भरल्यावर बाळ भाकरी-भाजीकडे ढुंकून पाहत नाही.

अकरा महिन्यांच्या एका मुलाला त्याची आजी लसीसाठी घेऊन आली होती. मूल गुटगुटीत, वजन साडेनऊ किलो. आजी कौतुकाने म्हणाली, "डॉक्टर, जन्माला आला तवा सावळा व्हता, आता बघा कसा गोरा झालाय. काय खात न्हाय पर, लिटरभर दूध पितो." मी त्याचा तळवा त्याच्या आजीच्या तळव्याशेजारी धरला, तेव्हा आजीलाच फरक दिसला. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.८ निघाले. बाळ गोरे झाले नव्हते, फिकट पडले होते. लोहाचे औषध सुरू केले, बाटली बंद करून दूध दोन कपांवर आणले आणि वाटीत डाळ-नाचणी आली. महिन्याने हिमोग्लोबिन ९.४ झाले आणि 'काय खात न्हाय' ही तक्रारही थांबली. लोह कमी असले की भूक मरते आणि लोह मिळाले की ती परत येते.

कसे ओळखावे?

पुढील खुणांकडे लक्ष ठेवा :

१) तळहात, ओठ, जीभ, नखे आणि डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसणे. बाळाचा तळहात दिवसाच्या उजेडात निरोगी माणसाच्या तळहाताशेजारी धरून पाहावा. रंग सावळा असो वा गोरा, तळहात खोटे बोलत नाही.

२) बाळ मलूल राहणे, खेळात लक्ष नसणे, चिडचिड करणे, कडेवरून खाली उतरायला तयार नसणे.

३) भूक मंदावणे, फक्त दूधच मागणे.

४) माती, भिंतीचा चुना, कोळसा, कागद खाणे.

५) रडता रडता श्वास धरून निळे किंवा पांढरे पडणे. हे दृष्ट लागल्याने होत नाही. अशा पुष्कळ मुलांत लोह कमी आढळते आणि लोह दिल्यावर हे झटके कमी होतात. मात्र पहिल्यांदा असे झाले तर डॉक्टरांना दाखवावेच.

६) वारंवार आजारी पडणे, बसणे-उभे राहणे उशिरा येणे.

धाप लागणे, अंगावर सूज येणे, दूधही पिता न येणे, तळहात अगदी कागदासारखे पांढरे पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता बाळाला लगेच रुग्णालयात न्यावे.

माती खाण्याबद्दल थोडे अधिक. 'माती खातो म्हणजे कॅल्शियम कमी आहे' असे समजून अनेकजण दुकानातून कॅल्शियमचे औषध आणतात. खरे तर अशा बाळाचे लोह तपासायला हवे, आणि कॅल्शियमने लोहाचे शोषण उलट कमीच होते. माती आणि फिकटपणा यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. चरकसंहितेत पांडुरोगाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत माती खाल्ल्याने होणारा एक प्रकार आहे. मातीतून जंतही पोटात जातात, म्हणून मुलाला रागावण्यापेक्षा त्याची तपासणी करून घ्यावी.

वरच्या खुणा दिसेपर्यंत कमतरता बरीच वाढलेली असते. म्हणून खुणा नसल्या तरी नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान एकदा हिमोग्लोबिन तपासावे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलासाठी ११ ग्रॅम ही रेषा धरली गेली. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली सहा ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी ही रेषा १०.५ अशी ठेवली. अर्ध्या अंकाच्या फरकावर वाद घालत बसू नये, बाळाची एकूण तब्येत पाहून डॉक्टर काय ते ठरवतील.

बाळाच्या वाटीत काय असावे?

मोड आणून वाळवलेली नाचणी दोन वाट्या आणि भाजलेली मूग किंवा मसूर डाळ एक वाटी एकत्र दळून ठेवावी. मोड आणल्याने धान्यातले लोह शोषणे सोपे होते. दोन मोठे चमचे पीठ पाण्यात गुठळ्या न होऊ देता चांगले शिजवावे. शिजताना शेवग्याचा कोवळा पाला, माठ किंवा पालक बारीक चिरून घालावा. खाली उतरवून चमचाभर तूप किंवा तेल घालावे आणि बाळाला भरवण्यापूर्वी लिंबाचे चार थेंब पिळावेत. लिंबू विसरू नये, कारण त्यातले क जीवनसत्त्व शाकाहारी अन्नातल्या लोहाचे शोषण बरेच वाढवते. टोमॅटो, पेरू, संत्रे, आवळा यांनीही तेच काम होते. पदार्थ चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट असावा.

सहा ते आठ महिन्यांत अर्धी वाटी दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा आणि वर्षानंतर घरातल्या ताटातले मऊ केलेले सर्व अन्न द्यावे.

ज्यांच्या घरी मांसाहार चालतो, त्यांनी बाळाला तो नाकारू नये. अंडे, मासे, कोंबडी किंवा मटणाचा चांगला शिजवून बारीक कुस्करलेला तुकडा सहा महिन्यांनंतर देता येतो. मांस आणि माशांतले लोह धान्या-भाज्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते. नुसता रस्सा देऊन भागत नाही, तुकडा पोटात गेला पाहिजे. कलेजीत लोह भरपूर असते. ती आठवड्यातून एकदा दोन-तीन चमचे पुरे. सुकट, जवळा द्यायचा तर मीठ धुऊन, साफ करून, शिजवून, वाटून द्यावा.

चहा बाळाला मुळीच देऊ नये. चहातले द्रव्य लोहाला बांधून ठेवते. वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये आणि वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे दोन कपांपेक्षा अधिक दूध नको. तेही बाटलीने नव्हे, पेल्याने.

काही गैरसमज

'बीट, डाळिंब लाल आहेत, म्हणजे रक्त वाढते' हा समज सर्वत्र आहे. वर उल्लेखिलेल्या तक्त्यानुसार या दोन्हींत १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नाही. फळ म्हणून खुशाल द्यावे, औषध म्हणून नव्हे. गुळाचेही तसेच. गुळात लोह असते, पण बाळ खाणार चमचाभर, त्यातून मिळते पाव मिलिग्रॅमच्या आसपास आणि शोषले जाते त्याहून कितीतरी कमी. वर्षाच्या आत गूळ-साखरेची सवय न लावलेलीच बरी. आम्ही लोणावळेकर चिक्कीच्या गावचे, त्यामुळे 'चिक्कीत गूळ-दाणे आहेत, बाळाला द्यावी का?' असे नेहमी विचारले जाते. लहान बाळाला चिक्की किंवा अख्खे शेंगदाणे कधीही देऊ नका. दाणा श्वासनलिकेत अडकून जिवावर बेतते. दाण्याचे बारीक कूट शिजवलेल्या अन्नात मिसळून द्यावे.

लोहाचे औषध

आहार कितीही चांगला असला तरी या वयात तो पुरेलच असे नाही. म्हणून २०१३ च्या राष्ट्रीय लोह कार्यक्रमात आणि २०१८ पासूनच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध देण्याची तरतूद झाली. एका मात्रेत २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे या औषधाची चौकशी करा, त्यासाठी पैसे पडत नाहीत. मंगळवार-शुक्रवार असे दोन वार ठरवून कॅलेंडरवर खूण केली म्हणजे विसर पडत नाही.

रक्तक्षय निघालाच तर मात्रा वेगळी, वजनाच्या किलोमागे रोज साधारण तीन मिलिग्रॅम लोह अशी असते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. महिन्याभरात हिमोग्लोबिन एका अंकाने तरी वाढले पाहिजे. न वाढल्यास दुसरे कारण शोधावे लागते. हिमोग्लोबिन ठीक झाले म्हणून औषध लगेच थांबवू नये. रिकामी झालेली कोठी भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

औषध जेवणानंतर अर्ध्या-एक तासाने द्यावे, दुधाबरोबर देऊ नये. शी काळी होते, दातांवर डाग पडल्यासारखे दिसते. दोन्हींना घाबरू नये, औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडून वर पाणी पाजावे. ताप, जुलाब, न्यूमोनिया असताना आणि बाळ तीव्र कुपोषित असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. घरात कोणाला थॅलसेमिया किंवा सिकलसेल असेल तर आधी तपासणी करावी. बाटली मात्र मुलांच्या हाती लागणार नाही अशी उंचावर ठेवावी. गोड म्हणून मुलाने एकदम बाटलीभर औषध पिऊन टाकले तर लोहाची जिवघेणी विषबाधा होते. वर्षानंतर, दर सहा महिन्यांनी जंताचे औषधही द्यावे. दोन वर्षांपर्यंत अर्धी गोळी चुरून, पुढे पूर्ण.

सुरुवात आईपासून

बाळाची शिदोरी आईच्या शरीरातून येते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ज्या स्त्रियांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. ज्या भाज्या मावळात पावसाळ्यात बांधावर उगवतात, त्या सुनेच्या ताटात पडल्या पाहिजेत, हाच त्याचा अर्थ. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यावी. मळमळते म्हणून गोळ्या डब्यात साठवून ठेवू नयेत, रात्री जेवणानंतर घेऊन पाहाव्यात. प्रसूतीच्या वेळी बाळ रडत असेल, ठीक असेल तर नाळ कापण्याआधी किमान एक मिनिट थांबावे. तेवढ्या वेळात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि त्याबरोबर पुढच्या काही महिन्यांचे लोहही. हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

बाळाला नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस द्यायला आपण जातोच. त्या दिवशी तीन गोष्टी करा : बाळाचा तळहात उजेडात दाखवा, हिमोग्लोबिनची तपासणी मागा आणि लोहाच्या औषधाची बाटली सुरू आहे की नाही हे कार्डावर पाहून घ्या.